हात सावकाश, सूर वेगवान : गिटारवरील ‘स्वीप पिकिंग’ कसे शिकावे?

बीडहून मांजरसुंब्याला यावे आणि तेथून केज-अंबाजोगाईच्या रस्त्याला लागावे, की नेकनूर येते. जनावरांच्या बाजारासाठी पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे मोठे गाव. अशा गावांतील आपल्या वस्त्यांना गाणे काही नवे नाही. चौदा एप्रिल असो, बुद्धपौर्णिमा असो की घरचे मंगलकार्य असो, हार्मोनियम आणि ढोलकी घेऊन गायन पार्टी बसली की रात्र कधी सरते ते कळत नाही. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या घरात पाठ नाहीत असे घर सापडणे कठीण. अलीकडे या वाद्यांच्या जोडीला तरुण मुला-मुलींच्या हाती गिटारही दिसू लागली आहे. शिकवणारा गुरू गावात नसला तरी मोबाईलवर जगातले सगळे वादक घरबसल्या दिसतात.

तेथेच एक घोटाळा होतो. मोबाईलवर एखादा वादक असा दिसतो की त्याचा उजवा हात जागचा हललासा वाटत नाही, आणि सुरांचा मात्र पाऊस पडतो. मुलगा किंवा मुलगी तसेच करायला जाते. नुसती खरखर ऐकू येते. आठ दिवस खटपट होते, मग गिटार खुंटीवर जाते आणि मन सांगते, “हे आपले काम नाही. हे शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या पोरांचे काम.” प्रस्तुत लेख त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहिला आहे. जे पाहून मुले खचतात त्या प्रकाराला ‘स्वीप पिकिंग’ म्हणतात. त्यात जादू नाही, जन्मजात देणगीही नाही. ती हाताची एक सवय आहे, आणि ती फार सावकाश लावून घ्यावी लागते.

स्वीप म्हणजे नेमके काय?

गिटारची तार छेडण्यासाठी हातात प्लॅस्टिकची एक छोटी त्रिकोणी चकती धरतात. तिला पिक म्हणतात. नवशिक्याला पहिल्यांदा शिकवतात ते खाली-वर, खाली-वर असे छेडणे. एकाच तारेवर चार-सहा सूर वाजवायचे असतील तर ही पद्धत उत्तम. पण प्रत्येक तारेवर एकेकच सूर असेल तर अडचण येते. तिसरी तार खाली छेडली, आता दुसरी वर छेडायची. म्हणजे पिकने दुसरी तार ओलांडून पलीकडे जायचे आणि पुन्हा मागे फिरायचे. वेग वाढला की या ये-जा करण्यातच हात दमतो.

कापूस वेचणाऱ्या आपल्या आया-बहिणी काय करतात ते आठवा. एक बोंड वेचले की त्या बांधावर परत येत नाहीत. तास धरून वेचत वेचत पुढे जातात आणि परतताना दुसऱ्या तासाने येतात. एकही फेरा रिकामा जात नाही. स्वीप पिकिंगचे सूत्र हेच आहे. तिसरी, दुसरी, पहिली अशा तारा एकाच दिशेने, एकाच सलग हालचालीत खाली छेडत जायचे. परत येताना त्याच तारा वर छेडत यायचे.

मग कॉर्ड वाजवताना सगळ्या तारांवरून हात फिरवतात, त्यात आणि यात फरक काय? फरक डाव्या हाताचा. कॉर्ड वाजवताना डाव्या हाताची बोटे सगळ्या तारा दाबून ठेवतात आणि सगळे सूर एकमेकांत मिसळून वाजतात. स्वीपमध्ये एक बोट दाबले, सूर वाजला, की ते लगेच सैल सोडायचे आणि पुढचे बोट दाबायचे. सूर माळेतील मण्यांसारखे वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. कॉर्डचे सूर असे एकामागून एक वाजवण्याला पाश्चात्त्य संगीतात अर्पेजिओ म्हणतात. स्वीप हा अर्पेजिओ वेगाने वाजवण्याचा एक मार्ग आहे.

‘स्वीप’ या इंग्रजी शब्दाचा साधा अर्थ झाडणे. गावकीच्या कामात चावडी आणि गल्ल्या झाडण्याचा झाडू आपल्या आजा-पणजांच्या हाती दिला गेला होता. वाद्यांचीही वाटणी जन्मावरूनच झाली होती. हलगी कोणी बडवायची आणि तंतुवाद्य कोणी मांडीवर घ्यायचे, हे गाव ठरवत असे. आज त्याच शब्दाच्या नावाची कला नातवंडे हौसेने शिकू पाहत आहेत. हा फरक केवढ्या कष्टाने आला ते घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

ही वाट कोणी पाडली?

गिटारवर हे तंत्र आले त्याआधी ते व्हायोलिनवर होते. व्हायोलिनचा गज एका ओढीत तीन-चार तारांवरून फिरतो आणि सूर झरझर उमटतात. इटलीचा निकोलो पागानिनी (१७८२-१८४०) हा या कामात अद्वितीय मानला जातो. त्याच्या चोवीस ‘काप्रिस’ रचना १८२० साली प्रसिद्ध झाल्या. आजही व्हायोलिन शिकणाऱ्यांची त्यांवर कसोटी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उतारवयात, कामाचा डोंगर आणि प्रकृतीचा त्रास असताना, व्हायोलिन शिकायला घेतले होते हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. वय, वेळ आणि प्रकृती यांची सबब आपण सांगू लागलो की ही गोष्ट आठवावी.

गिटारवर या वाटेने गेलेल्यांत जँगो राइनहार्ट (१९१०-१९५३) हे नाव आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावे. तो रोमा समाजातला. रोमा म्हणजे युरोपभर गाड्यांतून हिंडणारे, गावाबाहेर उतरणारे भटके लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले हे त्यांच्या भाषेवरून अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. जँगोचे शालेय शिक्षण जवळजवळ झाले नाही. स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. १९२८ साली, तो अठरा वर्षांचा असताना, त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. पत्नीने विक्रीसाठी केलेली सेल्युलॉइडची फुले गाडीत होती, त्यांनी पेट घेतला. जँगोचा डावा हात होरपळला आणि अनामिका व करंगळी कायमची आखडली. त्याने उरलेल्या दोन बोटांवर सगळे वादन पुन्हा नव्याने बसवले. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याचा वाद्यवृंद उभा राहिला आणि जँगोचे नाव जगभर गेले. त्याच्या पद्धतीत नव्या तारेवर जाताना पिक बहुधा खालीच मारतात आणि छेडून झाल्यावर ती शेजारच्या तारेवर टेकू देतात. स्वीपचा मूळ धडा हाच आहे.

पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतील टाल फार्लो, बार्नी केसेल यांसारख्या जॅझ वादकांनी सलग छेडण्याचा वापर केला. स्वीडनच्या इंग्वी माल्मस्टीनवर पागानिनीचा मोठा प्रभाव होता. १९८४ साली आलेल्या त्याच्या ‘रायझिंग फोर्स’ या अल्बमनंतर विजेच्या गिटारवर अर्पेजिओंची लाटच आली. ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक गँबाले याने या तंत्राला शिस्त लावली आणि १९८८ च्या सुमारास शिकवणीच्या व्हिडिओतून ते सर्वांसाठी खुले केले. तो त्याला ‘स्पीड पिकिंग’ म्हणे.

आणखी एक नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेचा जेसन बेकर. वयाच्या अठराव्या वर्षी, १९८७ मध्ये, मार्टी फ्रीडमनबरोबर ‘कॅकोफोनी’ या वाद्यवृंदातून त्याचा पहिला अल्बम आला. त्याचे स्वीप ऐकून अनुभवी वादकही थक्क झाले. दोनच वर्षांनी, विसाव्या वर्षी, त्याला ए.एल.एस. हा स्नायू निकामी करणारा आजार असल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी थोड्याच वर्षांचे आयुष्य सांगितले. हात गेले, पाय गेले, वाचाही गेली. त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींवरून एकेक अक्षर ओळखण्याची पद्धत तयार केली. त्या पद्धतीने घरच्यांशी बोलत आणि संगणकाच्या साहाय्याने तो रचना करीत राहिला. २०१८ साली त्याचा नवा अल्बम प्रसिद्ध झाला. ज्या बोटांच्या वेगाने त्याचे नाव झाले ती बोटे थांबली. संगीताची जाण उरली, आणि तिच्यावर पुढचे काम झाले. वेगाच्या मागे लागणाऱ्या प्रत्येक मुलाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

साधन कसले हवे?

स्वीप पिकिंग विजेच्या गिटारवर गाजले, म्हणून तीच हवी असे नाही. साध्या लाकडी गिटारवर ते शिकता येते. उलट लाकडी गिटारवर चूक लपत नाही. कर्ज काढून महागडे वाद्य घेण्याचे कारण नाही. जुनी गिटार मिळत असेल तर तीही चालेल. फक्त तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक, मान वाकलेली नसावी. दोन, बाराव्या पट्टीजवळ तारा लाकडापासून फार उंच नसाव्यात. उंच तारा दाबताना बोटे सोलवटतात आणि मूल वाद्याला कंटाळते. दुकानदाराकडून तारांची उंची कमी करून घेता येते. तीन, खुंट्या घट्ट असाव्यात, सूर उतरू नये.

पिक मात्र जाड घ्यावी, एक मिलिमीटर किंवा त्याहून थोडी जास्त. पातळ पिक तारेवर वाकते आणि सूर उशिरा उमटतो. पिकचे टोक बोटांबाहेर थोडेसेच ठेवावे. तारा सुरात लावण्यासाठी ट्यूनर आणि ठोके मोजण्यासाठी मेट्रोनोम, म्हणजे तालयंत्र, ही दोन्ही साधने मोबाईलवर फुकट मिळतात. एरवी मुलांच्या हातातून मोबाईल काढून घेणाऱ्या आईवडिलांनी या कामासाठी तो जरूर द्यावा.

एक सूचना येथेच करतो. ज्याला पाच-सहा साध्या कॉर्ड स्वच्छ वाजवता येत नाहीत आणि तालात राहून एक गाणे साथीला धरता येत नाही, त्याने स्वीपच्या वाटेला लगेच जाऊ नये. आधी चालता यावे, मग धावावे.

पहिला धडा : तीन तारा, सहा सूर

मोबाईलवरील वादक पाच-सहा तारांवर स्वीप करताना दिसतात. आपण तीन तारांनी सुरुवात करू. सर्वांत बारीक तार ती पहिली, तिच्या वरची दुसरी, तिच्या वरची तिसरी. मानेवरच्या पट्ट्या, ज्यांना फ्रेट म्हणतात, त्या खुंट्यांच्या बाजूने मोजायच्या.

अनामिका तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला. मधले बोट दुसऱ्या तारेवर आठव्याला. तर्जनी पहिल्या तारेवर सातव्याला. करंगळी त्याच पहिल्या तारेवर बाराव्याला. ही ई मायनर कॉर्ड झाली. घरात हार्मोनियम असेल तर पडताळून पाहा. पांढरी तीन, पांढरी पाच, पांढरी सात आणि वरच्या सप्तकातील पांढरी तीन. पांढरी तीनला षड्ज मानले तर हे सूर होतात सा, कोमल ग, प आणि तार सा. म्हणजे इंग्रजी नावाने घाबरवणारी ही गोष्ट आपल्या गायन पार्टीतील पेटीवाल्याला आधीपासून माहीत आहे.

आता उजवा हात. तिसरी तार खाली, दुसरी खाली, पहिली खाली. हे तीन वेगळे फटके नव्हेत. तिसरी तार छेडली की पिक आपसूक दुसऱ्या तारेवर येऊन टेकली पाहिजे. तेथून थोडा दाब दिला की दुसरी वाजते आणि पिक पहिलीवर टेकते. लहान मूल खिडकीच्या गजांवरून काठी ओढत नेते तेव्हा दर गजाला हात उचलत नाही, तसेच हे आहे. त्यानंतर करंगळीने बारावा फ्रेट दाबून पहिली तार वर छेडायची. लगेच करंगळी किंचित ओढून सोडायची, म्हणजे सातव्या फ्रेटचा सूर पिक न लावता वाजेल. याला पुल-ऑफ म्हणतात. सतारीतील कृंतन ऐकलेल्यांना ते ओळखीचे वाटेल. मग दुसरी तार वर छेडायची. असे सहा सूर झाले : सा ग प, सा प ग. पिक पुन्हा तिसऱ्या तारेच्या वर नेऊन पहिल्यापासून सुरू करायचे.

करंगळी बाराव्या फ्रेटपर्यंत पोहोचत नसेल तर ताणून हात दुखवू नये. ती दहाव्यावर ठेवावी. तेथे कोमल निषाद मिळतो. तोही या सुरांत शोभतो. हात मोकळा झाल्यावर बाराव्यावर जावे.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा फक्त उजव्या हाताचा. डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती ठेवावीत, दाबू नयेत. तिसरी, दुसरी, पहिली अशी टक-टक-टक छेडावी. तालयंत्र मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवावे आणि एका ठोक्याला एक टक. तिन्ही टक एकाच अंतराने यायला हव्यात. हा आठवडा कंटाळवाणा आहे आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

दुसरा आठवडा डाव्या हाताचा. एक बोट दाबायचे, सूर वाजवायचा, बोट सैल सोडायचे. सैल म्हणजे तारेवरून उचलायचे नाही. तारेला हलका स्पर्श ठेवायचा, म्हणजे सूर थांबतो आणि तार गुणगुणत नाही. त्याच वेळी उजव्या तळहाताची कड वरच्या जाड तारांवर टेकवून त्यांनाही गप्प ठेवायचे.

तिसऱ्या आठवड्यात दोन्ही हात एकत्र आणा, साठ ठोके, एका ठोक्याला एक सूर. चौथ्यात करंगळी आणि पुल-ऑफ जोडा. सहाही सूर सलग दहा वेळा स्वच्छ आले की तालयंत्र पाचने वाढवा, म्हणजे पासष्ट. खरखर आली की पाचने मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही.

पाचव्या आठवड्यात एक गंमत करा. एका ठोक्याला एक सूर असे वाजवत तुम्ही १२० वर पोहोचला असाल, तर तालयंत्र ४० वर आणा आणि एका ठोक्यात तीन सूर बसवा. हिशेबाने वेग तोच, मिनिटाला १२० सूर. पण आता ठोका दर तीन सुरांनी येतो आणि कानाला लय कळू लागते. येथून हळूहळू १०० ठोक्यांपर्यंत गेलात तर मिनिटाला ३०० सूर होतात, म्हणजे सेकंदाला पाच. तोवर ऐकणारे मान वळवून पाहू लागतात. त्याला सहा आठवडे लागोत की सहा महिने, घाई करू नये.

सहाव्या आठवड्यात हाच आकार मानेवर सरकवा. सगळी बोटे दोन फ्रेट मागे नेली की डी मायनर झाली. एक आकार हाताला बसला की सगळ्या मायनर कॉर्ड आपल्या झाल्या. आणि दुसऱ्या तारेवरचा सूर एक फ्रेट पुढे, आठव्यावरून नवव्यावर नेला की कोमल ग शुद्ध होतो आणि मायनरची मेजर होते. त्या वेळी तिसऱ्या तारेवर मधले बोट आणि दुसरीवर अनामिका घ्यावी.

हात कोठे अडतो?

बहुतेकांचा हात तीन ठिकाणी अडतो. पहिले, उजवा हात डाव्याच्या पुढे धावतो. पिक पहिल्या तारेवर पोहोचली आणि डावे बोट अजून दुसरीवरच. येथे खरखर होते. उपाय एकच, वेग कमी. दुसरे, सगळी बोटे दाबलेली राहतात आणि स्वीपऐवजी कॉर्ड ऐकू येते. मोबाईलवर स्वतःचे वादन ध्वनिमुद्रित करून ऐकावे, चूक लगेच कळते. तिसरे, खांदा आणि मनगट आवळले जातात. फडावर नवखा माणूस कोयता जिवाच्या आकांताने मारतो आणि दुपारपर्यंत थकतो. मुरलेल्या माणसाचा हात तेवढेच बळ वापरतो जेवढे लागते. गिटारवरही ताकद लागत नाही. खांदा सोडा, श्वास चालू ठेवा.

बोटांची टोके सुरुवातीला दुखतात. काही आठवड्यांत कातडी घट्ट होते, त्याची काळजी नको. मनगटात, कोपरात किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र वाद्य खाली ठेवावे आणि विश्रांती घ्यावी. दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. दुखणे सोसून वाजवणे हा पराक्रम नाही. ज्या हातांना पोटासाठीही राबायचे आहे ते हात जपलेच पाहिजेत.

हंगामाचे काय?

बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आईवडिलांबरोबर कोपीवर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा घरातील मुलाने रोज तासभर रियाज करावा असे सांगणे सोपे आहे, पण ते खरे नाही.

म्हणून हिशेब असा ठेवावा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण रोज. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा हे केव्हाही चांगले, कारण ही हाताची सवय आहे आणि सवय वरचेवर केल्यानेच लागते. गिटार बरोबर नेता येत नसेल तर पिक खिशात न्यावी. एका फळीवर तीन खिळ्यांत तीन तारा किंवा जाड दोरे ताणून बांधले तरी उजव्या हाताचा पहिल्या आठवड्याचा धडा चालू ठेवता येतो. डाव्या हाताची बोटे मांडीवर क्रमाने दाबत राहावे. परतल्यावर पूर्वीच्या वेगावर उडी मारू नये. पुन्हा साठ ठोक्यांपासून सुरू करावे. गेलेला वेग पहिल्यापेक्षा लवकर परत येतो.

पालकांसाठी चार शब्द

घरात मूल तेच तेच सहा सूर शंभरदा वाजवते तेव्हा ते कानाला गोड लागत नाही हे मान्य. दमून आलेल्या माणसाला तर नाहीच. त्यासाठी वेळ ठरवून द्यावी, शक्य असेल तर ओट्यावर किंवा विहाराच्या मोकळ्या जागेत बसू द्यावे. पण “हे काय लावलंय टणटण, एखादं गाणं वाजव” असे म्हणून हिणवू नये. ते गाण्याचीच तयारी करीत आहे.

अभ्यास बुडेल ही भीती खरी असते. वीस मिनिटांनी अभ्यास बुडत नाही. उलट एखादी अवघड गोष्ट तुकडे करून, सावकाश, चूक शोधत शिकण्याची सवय गणितातही उपयोगी पडते. मात्र गिटारवर पोट भरेल असे स्वप्न कोणी दाखवत असेल तर सावध राहावे. शिक्षण आधी, वाद्य त्याच्या सोबतीला.

आणि मुलींचा विषय वेगळा काढावा लागू नये, पण काढतो. संध्याकाळी भावाच्या हाती गिटार आणि बहिणीच्या हाती भाकरीचे पीठ, अशी वाटणी आपल्या घरात असता कामा नये. वीस मिनिटे तिलाही मिळालीच पाहिजेत. गिटारवर स्वीप शिकायला पुरुषी ताकद लागत नाही हे वर सांगितलेच आहे.

गाण्यात कोठे वापरावे?

स्वीप म्हणजे गाणे नव्हे. भाजीत फोडणी असते तसे ते आहे. पूर्ण गाण्यात फोडणीच फोडणी झाली तर जेवणारा उठून जाईल. गायक ओळ म्हणत असताना स्वीप वाजवू नये, शब्दांवर पाणी पडते. आपल्या गाण्यांत शब्दांना पहिला मान आहे, कारण ती गाणी विचार सांगण्यासाठीच जन्मली. ध्रुवपद संपून अंतरा सुरू होण्याआधी जी मोकळी जागा असते तेथे एखादा स्वीप टाकावा. ढोलकीवाल्याने सम दाखवली की त्या समेवर शेवटचा सूर यावा. हे साधायला ढोलकीवाल्याबरोबर बसावे लागते, एकट्याने मोबाईलसमोर बसून ते येत नाही. दादऱ्याच्या सहा मात्रांत आपले सहा सूर किती सहज बसतात ते त्याच्याबरोबर वाजवून पाहा.

गिटार आपल्या गाण्याला परकी राहिलेली नाही. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ने गिटार आणि ड्रम्सच्या साथीने बुद्ध-आंबेडकरांचा विचार तरुणांपुढे गायला. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यात अस्पृश्यतेचा शिक्का बसलेले पराई हे चर्मवाद्य आणि गिटार एकाच रंगमंचावर वाजले. जुन्या वाद्याला मान आणि नव्या वाद्याला जागा, असे दोन्ही तेथे साधले. नेकनूरच्या किंवा कोणत्याही गावच्या गायन पार्टीला हे अशक्य का असावे?

तेव्हा ज्यांच्या घरी गिटार खुंटीला लागली असेल त्यांनी ती खाली काढावी, तारा पुसून सुरात लावाव्यात आणि उद्यापासून पहिल्या आठवड्याचा धडा सुरू करावा. साठ ठोके, तीन तारा, एक दिशा. पुढच्या जयंतीपर्यंत हातात पुष्कळ वेळ आहे.